पारितोषिक आणि कामगार-सुरक्षा : पुणे परिसराच्या औद्योगिक इतिहासातील एक प्रश्न

अपघात टाळणाऱ्या कामगारांना बक्षीस द्यावे, ही कल्पना आज कारखान्यांत रूढ झाली आहे. 'अपघाताविना गेलेले दिवस' दर्शविणारा फलक, सुरक्षा-सप्ताहातील पारितोषिके, बिनअपघाताच्या वर्षाबद्दल खात्याला मिळणारी ढाल ही तिचीच निरनिराळी रूपे होत. परंतु या कल्पनेचा इतिहास तपासला असता असे दिसून येते की, बक्षिसाचा प्रश्न हा मूलतः मोजणीचा प्रश्न आहे. आणि अपघात कोणी मोजावयाचा, यावर बक्षिसाचे बरेवाईट फळ अवलंबून असते.

प्रारंभीच्या काळात बक्षिसाची कल्पना कोठेही नव्हती. १८८१ चा पहिला कारखाना-कायदा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या व शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरताच होता. धोक्याच्या यंत्रांस कुंपण घालणे आणि अपघाताची वर्दी देणे, एवढ्यावरच त्यातील सुरक्षेचा विचार थांबला होता. पुण्याच्या 'केसरी'ने अशा कायद्यांकडे लँकेशायरच्या हितसंबंधांच्या दृष्टीने पाहिले. उलटपक्षी, १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेले आणि पुढे मुंबईस गेलेले 'दीनबंधु' पत्र नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाती कामगारांचे मुखपत्र बनले. १८८४ साली लोखंडे यांनी सुमारे साडेपाच हजार सह्यांचे जे निवेदन सादर केले, त्यात साप्ताहिक सुट्टीच्या मागणीबरोबरच एक महत्त्वाची मागणी होती : कामावर जखमी झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि जन्माचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची तरतूद व्हावी. जखम झाली हे सांगणाऱ्याचे नुकसान होऊ नये, हे या मागणीतील तत्त्व पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हे तत्त्व कायद्यात उतरण्यास चाळीस वर्षे लागली. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्यातही मूळ तरतुदीप्रमाणे दहा दिवसांहून अधिक काळ असमर्थता आली तरच भरपाई मिळे. ही मर्यादा १९३३ मध्ये सात दिवसांवर व १९५९ मध्ये तीन दिवसांवर आली. दुसरीकडे कारखान्यातील शिस्तीचे प्रमुख साधन दंड हेच होते. १९३६ च्या वेतन-प्रदान कायद्याने त्यास आळा घातला : दंडाची रक्कम रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक असू नये आणि तिचा विनियोग कामगारांच्या हितासाठीच व्हावा, असे ठरले. दंडाची धार अशी बोथट झाल्यावर प्रलोभनाचा विचार पुढे यावा, हे स्वाभाविक होते.

या विचारास शास्त्रीय आधार मिळाला तो अमेरिकेतून. १९३१ साली हाइनरिक या विमा-कंपनीतील अधिकाऱ्याने शंभरांपैकी अठ्ठ्याऐंशी अपघातांचे कारण कामगाराची असुरक्षित कृती हे असते, असे प्रतिपादन केले. त्याची सामग्री मुख्यतः विम्याच्या दाव्यांतून व मालकांकडील नोंदींतून आलेली होती. तथापि त्याचा निष्कर्ष जगभर स्वीकारला गेला. दोष कृतीचा, तर उपायही कृती बदलण्याचा. आणि कृती बदलावयाची तर बक्षीस द्यावे, अशी ही सरणी होती.

पुणे परिसरात या सरणीस अनुकूल भूमी साठीच्या दशकात तयार झाली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. परंतु किर्लोस्कर ऑइल इंजिन्स (१९४६), पिंपरीचे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स (१९५४), महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना (१९६२) व त्यानंतर वाढलेले वाहन-उद्योग यांनी या भागाचे स्वरूप पालटले. याच सुमारास, १९६५ साली, केंद्र शासनाने राष्ट्रीय सुरक्षा पुरस्कार आणि श्रमवीर पुरस्कार सुरू केले. ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली.

एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन पुरस्कारांत तत्त्वाचे अंतर आहे. सुरक्षा पुरस्कार प्रामुख्याने अपघातांच्या कमी प्रमाणाबद्दल कारखान्यास दिला जाई. श्रमवीर पुरस्कार, जो पुढे विश्वकर्मा पुरस्कार म्हणून ओळखला गेला, तो कामगाराने केलेल्या उपयुक्त सूचनेबद्दल होता. पहिल्यात न घडलेल्या गोष्टीचा गौरव, तर दुसऱ्यात शोधलेल्या गोष्टीचा.

पहिल्या प्रकारातील अडचण मोजणीची आहे. १९४८ च्या कारखाना-कायद्यानुसार अठ्ठेचाळीस तास वा अधिक काळ काम करता येऊ नये अशी दुखापत झाली, तरच तिची वर्दी निरीक्षकास देणे भाग होते. अपघाताचे प्रमाण दर दहा लक्ष मनुष्य-तासांमागे काढले जाते. तीव्रतेच्या गणनेत एका मृत्यूसाठी सहा हजार दिवस धरले जातात. मृत्यू लपविता येत नाही. परंतु बोट चेचलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी हलक्या कामावर बसविले, की खाडा पडत नाही, नोंद होत नाही आणि ढाल शाबूत राहते. बक्षीस सर्व खात्याचे असेल, तर जखमीवर साहेबाचा नव्हे, तर सोबत्यांचाच दाब येतो. त्यातून उत्पादनावर वाढीव वेतन देण्याची पद्धत चालू असल्यास एक प्रलोभन प्रेसचा गार्ड काढावयास लावते आणि दुसरे त्याचा परिणाम झाकावयास. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत तर जखमी माणूसच हजेरीपटावरून नाहीसा होऊ शकतो.

म्हणून बक्षीस सर्वथा त्याज्य ठरते, असे नव्हे. बिघडलेला गार्ड दाखवून देणे, थोडक्यात टळलेल्या अपघाताची माहिती देणे, यंत्रात सुधारणा सुचविणे या गोष्टींना बक्षीस दिले, तर नोंदी वाढतात आणि धोका कमी होतो. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाना-कायद्यात झालेली दुरुस्ती याच दिशेची होती. धोक्याच्या प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांच्या समान प्रतिनिधित्वाची सुरक्षा-समिती तीत आवश्यक ठरली, आणि निकटच्या धोक्याकडे लक्ष वेधण्याचा हक्क कामगारास मिळाला. येथे बोलणे हेच सुरक्षेचे साधन मानले गेले.

लोखंडे यांच्या निवेदनातील मागणी आणि ही दुरुस्ती यांत एका शतकाचे अंतर आहे; तत्त्व मात्र एकच. दुखापत सांगणाऱ्यास तोटा होणार नाही, अशी व्यवस्था आधी असावी लागते. बक्षिसाचा विचार त्यानंतरचा. हा क्रम जेथे उलटा होतो, तेथे फलकावरील दिवसांचा आकडा वाढत जातो, परंतु त्यावरून कामगारांचे हात सुरक्षित आहेत असे अनुमान काढता येत नाही.