आखातातून कायमचे परतताना : बँक, कर आणि व्हिसा

सौदी, दुबई, कतारमध्ये उमर घालवून सुप्यात (ता. पारनेर) कायमचे परतणाऱ्यांनी पहिले काम बँकेचे करावे.

बँक : एनआरई खात्याचे व्याज परदेशात राहत असेपर्यंतच करमुक्त असते. परतताच बँकेला लेखी कळवून एनआरई आणि एनआरओ खाती निवासी करून घ्या. एफसीएनआर ठेव मात्र मुदत संपेपर्यंत चालू राहते.

व्याज : आपल्यातले बरेच जण व्याज न वापरता, सवाबच्या निय्यतीशिवाय गरजूंना देऊन टाकतात. तरीही जमा झालेले व्याज उत्पन्नच धरले जाते. ते विवरणपत्रात दाखवावेच लागते.

कर : मागच्या 10 पैकी 9 वर्षे अनिवासी असाल, किंवा मागच्या 7 वर्षांत भारतात 729 दिवसांहून जास्त राहिला नसाल, तर ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ हा दर्जा मिळतो. तोवर तिकडच्या भाड्यावर किंवा ठेवींच्या व्याजावर इथे सहसा कर लागत नाही.

व्हिसा : दुबईचा साधा रहिवासी व्हिसा सलग 180 दिवसांहून जास्त बाहेर राहिल्यास साधारणपणे रद्द होतो. ग्रॅच्युइटी, कर्ज, क्रेडिट कार्ड यांचा हिशेब निघण्याआधीच मिटवा.

जुने पासपोर्ट फेकू नका. दिवसांचा पुरावा त्यांच्या शिक्क्यांतच असतो.