आरोग्यविमा कायद्यास अमेरिकी राज्यांचा घटनात्मक विरोध
अमेरिकेच्या २०१० च्या संघीय आरोग्यविमा कायद्याविरुद्ध (⟶ ओबामाकेअर) घटक राज्यांनी राज्यघटनेच्या आधारे दिलेला लढा. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी २३ मार्च २०१० रोजी सही केली, त्याच दिवशी फ्लॉरिडाने पेन्साकोला येथील संघीय न्यायालयात दावा लावला. वादी राज्ये पुढे २६ झाली. व्हर्जिनियाने विमासक्तीस (नागरिकांनी विमा घेतलाच पाहिजे या तरतुदीस) मनाई करणारा स्वतःचा कायदा पुढे करून वेगळा दावा केला.

राज्यांचे मुख्य आक्षेप दोन होते. विमा न घेणे हा व्यापारच नसल्याने आंतरराज्य व्यापार नियमनाच्या अधिकारात (⟶ व्यापार-कलम) विमासक्ती बसत नाही, हा पहिला. सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीत न्यायमूर्ती स्कालिया यांनी विचारले की, मग सरकार ब्रोकोली घेण्याचीही सक्ती करू शकेल काय. दुसरा आक्षेप, राज्याने मेडिकेड ही गरिबांसाठीची योजना न वाढवल्यास तिचे आधीचे अनुदानही तोडण्याच्या तरतुदीवर होता.

सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०१२ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी विमासक्ती टिकवली, पण व्यापार-कलमाखाली नव्हे, तर विमा न घेणाऱ्यांवरील कर मानून, कर-अधिकाराखाली. मेडिकेडची तरतूद मात्र ७ विरुद्ध २ मतांनी राज्यांवरील बळजबरी ठरली. विस्तार त्यामुळे ऐच्छिक झाला. संघराज्यवादाच्या दृष्टीने (⟶ संघराज्य) निकालाचा हाच भाग अधिक दूरगामी होय. विमा न घेणाऱ्यांवरील कर २०१७ च्या कायद्याने शून्य झाल्यावर टेक्सस आदी राज्यांनी पुन्हा दावा लावला. वादींना दावा लावण्याचा अधिकार नसल्याच्या कारणावरून तो १७ जून २०२१ रोजी फेटाळला गेला.