आधी शरीर, मग रुग्ण?

डॉक्टर होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने रुग्णाला प्रथम केव्हा भेटावे? आधी शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन, मग रुग्ण, हा क्रम आपल्याला स्वाभाविक वाटतो. पण त्याला इतिहास आहे, आणि तो आपल्या वर्गालाही लागू पडतो.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील अनेक वैद्यकीय शाळा धंदा म्हणून चालत. फी भरावी, व्याख्याने ऐकावीत, पदवी घ्यावी, प्रयोगशाळा नावापुरती. १८९३ साली सुरू झालेले जॉन्स हॉपकिन्स हा ठळक अपवाद. पुढे कार्नेगी प्रतिष्ठानाने पाहणीचे काम अब्राहम फ्लेक्सनर यांना दिले. ते डॉक्टर नव्हते. लुईव्हिल गावात स्वतःची शाळा चालवलेले शिक्षक होते! अमेरिका व कॅनडातील १५५ शाळांविषयीचा त्यांचा अहवाल १९१० साली निघाला. पहिली दोन वर्षे प्रयोगशाळेत, नंतरची दोन रुग्णालयात, ही मांडणी त्यामुळे रुजली.

याची किंमतही मोजावी लागली. कृष्णवर्णीयांच्या सात शाळांपैकी हॉवर्ड व मेहॅरी या दोनच फ्लेक्सनर यांना टिकवण्याजोग्या वाटल्या. उरलेल्या पाच पुढे बंद पडल्या.

फ्लेक्सनर यांचा खरा आग्रह मात्र वेगळाच होता. विद्यार्थ्याने स्वतः करून शिकावे. प्रयोगशाळेत आणि रुग्णाच्या खाटेपाशी विचारपद्धती एकच असावी. प्रत्यक्षात दोन्हींमध्ये भिंत उभी राहिली. पहिली दोन वर्षे पाठांतराची झाली, आणि पाठ केलेले कशासाठी हे कळेपर्यंत त्यातले बरेच विसरले जाऊ लागले.

ही भिंत पाडण्याचे प्रयत्न झाले. क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने १९५२ साली विषयांऐवजी हृदय, श्वसन अशा संस्थांनुसार अभ्यासक्रम बांधला. कॅनडातील मॅकमास्टरने १९६९ पासून छोट्या गटांपुढे रुग्णाची समस्याच ठेवली. भारतात हा टप्पा दीड वर्षाचा होता. १९९७ च्या नियमांनी तो एक वर्षाचा केला. २०१९ च्या अभ्यासक्रमाने पहिल्याच वर्षी रुग्णाशी ओळख आणली.

पाया आधी हवा, हे आम्हा संशोधकांनाही पटते. पण तो कशाचा पाया, हे विद्यार्थ्याला आधी दिसायला हवे. हृदयाचे चार कप्पे फळ्यावर काढण्यापूर्वी मुलांना मैदानाला एक फेरी मारून नाडी मोजू द्या. ठोके का वाढले, हा प्रश्न तीच विचारतील. मग आकृती काढा.