बट्ट्यापोटी भत्ता

सराफाच्या पेढीवरचा ‘बट्टा’ आणि कचेरीतला ‘भत्ता’ हे शब्द कानाला भाऊभाऊ वाटतात, पण त्यांचं कूळ वेगळं. भत्त्याचं मूळ संस्कृत ‘भक्त’ म्हणजे शिजलेल्या भातात. मोहिमेवरच्या शिपायाला पगाराखेरीज मिळणारा तो शिधा. बट्टा हा नाणेबाजारातला. अंकुशी, चांदवडी, सुरती असे नाना रुपये एकाच बाजारात फिरत, तेव्हा परक्या किंवा झिजलेल्या नाण्यामागे सराफ कापून घेई तो बट्टा. नावाला बट्टा लागतो तो इथूनच.

इंग्रजांनी मात्र दोन्ही शब्द ‘बॅटा’ या एकाच उच्चारात कोंबले. अँग्लो-इंडियन शब्दांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाला ते पुन्हा सोडवून दोन वेगळे शब्द म्हणून दाखवावे लागले. लष्करी भत्त्यावर साहेबांचा जीव फार. क्लाइव्हने तो कापला तेव्हा १७६६ साली बंगालच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी बंडाचा पवित्रा घेतला, आणि १८२८ साली काही छावण्यांत तो निम्मा करून गव्हर्नर जनरल बेंटिंक त्यांच्या शिव्यांचा धनी झाला.

१८७० नंतर खुद्द रुपयालाच बट्टा लागला. जर्मनीने सोन्याचं चलन धरलं, अमेरिकेतल्या खाणींतून चांदीचा पूर आला, आणि सुमारे दोन शिलिंगांचा रुपया १८९३च्या सुमारास सव्वा शिलिंगाच्याही खाली उतरला. (या दराला आपला जुना शब्द ‘हुंडणावळ’. घडणावळ, शिवणावळ यांच्याच घरचा; पण वर्तमानपत्रांनी तो ‘विनिमय दरा’साठी उगाच टाकून दिला.) मुलुकी साहेबांचा पगार रुपयांत, तर बायकामुलांचा, शाळांचा खर्च पौंडांत. त्यांनी ओरड केली. १८९३ साली सरकारने घसरण रोखायला टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या आणि युरोपीय व युरेशियन नोकरांना हुंडणावळीची भरपाई सुरू केली: निम्मा पगार रुपयास १ शिलिंग ६ पेन्स या दराचा धरायचा, वर्षाला हजार पौंडांच्या मर्यादेत, आणि बाजारभावाशी येणारा फरक तिजोरीतून द्यायचा. म्हणजे बट्ट्यापोटी भत्ता! दोन शब्दांची गल्लत करणाऱ्यांनी अखेर दोन्ही वस्तूच एक करून दाखवल्या.

पैसे खरोखर विलायतेला धाडले की नाहीत, याची चौकशी नव्हती. याच मुद्द्यावर गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १८९७ साली हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे बोट ठेवलं. शेजारच्या टेबलावरच्या देशी कारकुनाला यातलं काही नाही. त्याचा रुपया आपला सोळा आण्यांचाच.

पुढे रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर, म्हणजे पौंडाला पंधरा रुपयांवर, स्थिरावला. घसरण थांबली. पण भरपाईचा आकडा १ शिलिंग ६ पेन्सचा, त्यामुळे दोन पेन्सांचं अंतर उरलंच. हजार रुपये पगाराच्या साहेबाला महिन्याकाठी त्याचे साडेबासष्ट रुपये वर मिळत.