आईवांचून वाढणारीं पिलें

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांत जानेफळ म्हणून आमचें गांव आहे. तेथें अलीकडच्या काळांत एखाद्या घरीं पुठ्ठ्याचें एक खोकें येतें. खोक्याला चोहों बाजूंनीं भोंकें असतात, आंत चार कप्पे असतात, आणि दर कप्प्यांत पंचवीस याप्रमाणें एकंदर शंभर पिलें असतात. पशुसंवर्धन खात्याच्या योजनांमध्यें एक दिवस वयाच्या शंभर पिलांचा गट निम्म्या अनुदानावर देण्याची तरतूद झालेली आहे, आणि असा गट घेणारें घर पुष्कळदां हें काम आयुष्यांत प्रथमच करीत असतें. खोकें उघडलें कीं घरांतील म्हातारी विचारते, "अन् याइची माय कुठी हाय?"

प्रश्न भाबडा वाटतो. पण मला तो फार मार्मिक वाटतो. आई नसलेलीं शंभर पिलें एका घराच्या ओसरीवर येऊन पडतात, ही गोष्ट मनुष्याच्या इतिहासांत अगदीं अलीकडची आहे. ती कशी घडली, एवढेंच आज सांगण्याचा विचार आहे.

गांवठी कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, असें डार्विननें १८६८ च्या आपल्या ग्रंथांत मांडलें होतें. तें मत मुख्यतः खरें ठरलें. मात्र २००८ सालीं संशोधकांना असें आढळलें कीं कोंबडीच्या पायांचा पिवळा रंग राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे, आणि हा राखी रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या व दक्षिण हिंदुस्थानच्या रानांतला रहिवासी! माणसाळलेल्या कोंबडीचीं सर्वांत जुनीं खात्रीलायक हाडें थायलंडमधील बान नॉन वाट येथलीं, इसवी सनापूर्वीं १६५० ते १२५० या काळांतलीं आहेत, असें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचें म्हणणें आहे. भाताचीं शेतें आलीं, धान्य सांडूं लागलें, आणि रानपांखरूं त्या धान्याच्या लोभानें माणसाच्या वस्तीला आलें, अशी त्या पंडितांची उपपत्ति आहे. म्हणजे आपण कोंबडीला आणलें असें म्हणण्यापेक्षां ती आपण होऊन आली असें म्हणणें अधिक बरें.

आपल्या देशांत ती गांवोगांव होती याला पुरावा भरपूर आहे. पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभींच, व्याकरणांतला एक मुद्दा समजावून देतांना, गांवांतला कोंबडा खाऊं नये असें म्हटलें म्हणजे रानांतला खाण्यास हरकत नाहीं हें आपोआप कळतें, असा दाखला घेतला आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत ग्रामकुक्कुट निषिद्धांच्या यादींत आहे. सम्राट् अशोकानें तर, इसवी सनापूर्वीं २४३ च्या सुमारास, पांचव्या स्तंभलेखांत कोंबड्याचें खच्चीकरण करूं नये अशी आज्ञा कोरविली. यावरून दोन गोष्टी उघड होतात. कोंबडी प्रत्येक गांवांत होती. आणि ज्यांच्या हातीं लेखणी होती त्यांच्या अंगणांत ती नसावी असा दंडक होता. ज्यांनीं पिलें वाढविलीं त्यांना लिहितां येत नव्हतें, आणि ज्यांना लिहितां येत होतें त्यांनीं पिलें वाढविलीं नाहींत. आमच्या शाळांच्या पुस्तकांत कोंबडा येतो तो पहांटे आरवण्यापुरता; पिलें कशीं वाढवावीं यावर एकहि धडा मला सबंध नोकरींत शिकवावा लागला नाहीं.

विद्या मात्र होती, आणि ती बायकांच्या तोंडीं होती. कोंबडी अंडीं देण्याचें थांबवून घुमी होऊन बसली, जवळ गेल्यास पिसें फुलवूं लागली, म्हणजे ती 'खुडूक' झाली. मग टोपलींत राख व भुसा घालून तींत दहा-बारा अंडीं मांडावयाचीं आणि तिला 'रवणीला' बसवावयाचें. आठवड्यानें रात्रीच्या वेळीं प्रत्येक अंडें दिव्यापुढें धरून पाहावयाचें; आंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर ठेवावयाचें, न दिसल्या तर काढावयाचें. एकविसाव्या दिवशीं पिलें बाहेर पडत. कोंबडीची पहिली खेप दिसूं लागली, तिला 'तलंग' म्हणतात. हे शब्द आजहि खेड्यांत जिवंत आहेत, आणि माझ्या मतें त्यांतला एकेक शब्द म्हणजे एकेक शास्त्रीय निरीक्षण आहे.

पण या विद्येचा मुख्य भाग मनुष्याकडे नव्हताच. तो कोंबडीकडे होता. रवणीच्या दिवसांत तिच्या पोटाखालचीं पिसें झडतात आणि उघडी, ऊन कातडी अंड्यांना लागते. ती चोंचीनें अंडीं वारंवार उलटते, नाहींतर आंतील जीव कवचाला चिकटून मरतो. पिलें निघाल्यावर ती दाण्यावर चोंच आपटून विशिष्ट आवाज काढते व तीं धांवत येतात. घार दिसतांच दुसराच आवाज काढते आणि तीं तिच्या पंखांखालीं नाहींशीं होतात. पिलांच्या अंगावर असते ती नुसती लव. तिच्यानें ऊब धरून राहत नाहीं, म्हणून पहिले कांहीं आठवडे आईचें पोट हीच त्यांची भट्टी. ऊब देणें, शिकविणें, राखण करणें हीं सारीं कामें एकाच जिवाकडे होतीं, आणि तीं फुकट होत होतीं, म्हणून त्यांची किंमत कोणाच्या लक्षांत आली नाहीं.

यांतलें पहिलें काम कोंबडीकडून काढून घेतलें तें इजिप्तच्या लोकांनीं. तेथें अंडीं शेणखतांत पुरून उबवितात, हें ॲरिस्टॉटलला ठाऊक होतें. पुढें त्यांनीं मातीच्या विटांच्या दुमजली भट्ट्या बांधल्या. खालच्या खणांत अंडीं आणि वरच्या खणांत गोवऱ्या-पेंढ्याचा मंद विस्तव. उष्णतामापक नव्हता, भट्टीवाला अंडें उचलून आपल्या डोळ्याच्या पापणीला लावी आणि ऊब कमी कीं अधिक हें सांगे. ही कला बापाकडून मुलाकडे जाई. तीन अंड्यांमागें दोन पिलें परत करावयाचीं असा भट्टीवाल्याचा करार असे, असें फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यानें नमूद केलें आहे.

हा रेओम्यूर मोठा गमतीचा गृहस्थ. उष्णतामापकाच्या एका मापश्रेणीला त्याचें नांव मिळालें आहे. सर्व ऋतूंत पिलें उबवावीं कशीं व वाढवावीं कशीं, यावर त्याचा ग्रंथ १७४९ सालीं निघाला. आमचे शाहू महाराज साताऱ्यास निवर्तले तें हेंच साल! इकडे पेशवाईचा डाव मांडला जात असतां तिकडे पॅरिसमध्यें एक विद्वान् पिंपांत अंडीं घालून, भोंवतीं घोड्याची लीद रचून, त्यांतील ऊब मोजीत बसला होता. परंतु मला त्याचें महत्त्व निराळ्याच कारणासाठीं वाटतें. अंडें फुटलें म्हणजे काम संपत नाहीं, तेथून तें सुरू होतें, हें त्यानें ओळखलें. आंतून मेंढीचें लोंकरी कातडें लावलेली, लिदीच्या उबेनें तापणारी एक उतरत्या छपराची पेटी त्यानें केली. पिलें आपण होऊन तिच्यांत शिरून पाठ कातड्याला टेकून बसत. त्या पेटीला त्यानें नांव दिलें होतें 'कृत्रिम आई'.

पुढचा पल्ला अमेरिकेनें गांठला. कॅलिफोर्नियांतील पेटलूमा येथें १८७९ च्या सुमारास उबवणीचें चालतें यंत्र सिद्ध झालें आणि तें गांव कोंबड्यांचें पेठगांव बनलें. १८९२ सालीं न्यू जर्सींतील जोसेफ विल्सन नांवाच्या गृहस्थानें नुकतीं जन्मलेलीं पिलें आगगाडीनें थेट शिकागोला धाडलीं, आणि तीं जिवंत पोंचलीं! १९१८ पासून तर अमेरिकेचें टपालखातें पिलांचीं खोकीं पार्सल म्हणून घेऊं लागलें. दाणा नाहीं, पाणी नाहीं, मग तीं तगलीं कशीं? जन्मण्याच्या आदल्या दिवशीं अंड्यांतला उरलेला पिवळा बलक पिलाच्या पोटांत ओढला जातो. ती शिदोरी दोन-तीन दिवस पुरते. कोंबडीच्या दृष्टीनें ही सोय कां आहे, पाहा. सर्व अंडीं एकाच घटकेस फुटत नाहींत. पहिलें पिलूं बाहेर आल्यावर शेवटच्यासाठीं आईला बसून राहावें लागतें, तोंवर आधीच्यांनीं उपाशी मरूं नये. आईनें भावंडांसाठीं केलेल्या या तरतुदीवरच जगांतील सारा पिलांचा व्यापार उभा आहे.

आपल्याकडे या व्यापाराच्या आड एक रोग येत होता. १९२७ च्या सुमारास कुमाऊंतील राणीखेत येथें कोंबड्यांची एक भयंकर सांथ ओळखली गेली आणि त्या ठिकाणाचेंच नांव तिला पडलें. आमच्याकडील बायका तिला 'मानमोडी' म्हणतात, व रोगी पक्ष्याची पिळवटलेली मान ज्यानें पाहिली त्याला हें नांव किती नेमकें आहे हें सांगावयास नको. मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेंत १९४० च्या सुमारास तिच्यावर लस तयार झाली. इज्जतनगर येथें कुक्कुटसंशोधनाचा विभाग १९३९ सालीं निघाला होता. लशीवांचून शेंकडों पिलें एकत्र ठेवणें म्हणजे गंजीशेजारीं चूल मांडण्यासारखें होतें. पुढें खडकी, नागपूर, कोल्हापूर, औरंगाबाद येथें सरकारी मध्यवर्ती उबवणी केंद्रें झालीं; १९७१ सालीं डॉ. बी. व्ही. राव यांनीं वेंकटेश्वर हॅचरीज स्थापन केली आणि पुणें हें या धंद्याचें मोठें ठाणें बनलें.

या प्रगतीची एक किंमत द्यावी लागली, आणि ती बोलून दाखविली जात नाहीं. जी कोंबडी खुडूक होते ती तितके दिवस अंडीं देत नाहीं; म्हणून अंड्यांचा व्यापार करणाऱ्यांनीं खुडूक न होणाऱ्या कोंबड्याच पिढ्यान् पिढ्या निवडल्या. पांढरी लेगहॉर्न सहसा रवणीला बसत नाहीं. म्हणजे पिलांना आई नाहीं एवढेंच नव्हे, तर मायेचा तो स्वभावच त्या जातींतून निवडून काढलेला आहे. मी या सुधारणेचा द्वेष्टा नाहीं. अंडें गरिबाच्या ताटांत आलें तें तिच्यामुळेंच. पण हिशेब मांडावयाचा तर पुरा मांडावा.

तेव्हां जानेफळच्या त्या घरांत आईचीं सारीं कामें आतां घरच्या बाईकडे येतात. पहिल्या आठवड्यांत पिलांच्या पाठीशीं सुमारें ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते. पुढें दर आठवड्यास ती पांच-पांच अंशांनीं उतरवितात. दर पिलामागें दोन वॅट याप्रमाणें विजेचे दिवे टोपाखालीं टांगतात. भोंवतीं पत्र्याचें गोल कडें करतात, चौकोनी नव्हे. कारण गारठलेलीं पिलें कोपऱ्यांत एकमेकांवर चढतात आणि खालचीं गुदमरून मरतात. तुसावर पहिले दोन दिवस वर्तमानपत्र पसरतात, नाहींतर तीं तूसच टिपूं लागतात. दाणा कोणता, हें दाखविणारी चोंच तेथें नसते ना! आधीं पाणी, मग भरडा. उष्णतामापक नसला तरी चालतें. पिलें दिव्याखालीं गोळा झालीं तर ऊब कमी, कड्याशीं जाऊन धापा टाकूं लागलीं तर अधिक, सर्वत्र सारखीं विखुरलीं तर बरोबर. इजिप्तच्या भट्टीवाल्याची पापणी ती हीच.

संकट येतें तें रात्रीं. पौषांतल्या थंडींत मध्यरात्रीं वीज गेली आणि घर झोंपेंत असलें, तर सकाळीं कोपरा नसलेल्या कड्यांतहि पिलांचा ढीग सांपडतो. शंभरांतलीं तीस गेलीं तर विक्रीचा सारा नफा गेला, आणि तो पैसा बहुधा मुलांच्या फीसाठीं धरलेला असतो. शिवाय वार्ता दूरवरूनहि मारते. २००६ च्या फेब्रुवारींत नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हां लाखों पक्षी मारावे लागले, आणि जेथें रोगाचा मागमूस नव्हता तेथेंहि गिऱ्हाईक फिरकेना.

यावर आमच्याकडील जाणत्या बायका एक तोड काढतात, आणि प्रथमच पिलें आणणाऱ्यास मी तीच सांगत असतों. घरांत वा शेजारीं गांवठी कोंबडी रवणीला बसली असेल, तर रात्रीं अंधार पडल्यावर खोक्यांतलीं दहा-बारा पिलें एकेक करून तिच्या पोटाखालीं सरकवावीं आणि तिचीं अंडीं हलकेच काढून घ्यावीं. पिलें एक-दोन दिवसांचींच असावींत. मोठीं झालेलीं तिला चालत नाहींत. सकाळीं उजाडलें कीं बहुधा ती त्यांना आपलींच समजून बोलावूं लागते. उरलेल्या नव्वदांसाठीं मात्र दिवा, त्याच्याजवळ भरून ठेवलेला कंदील, आणि आळीपाळीनें जागणारें कोणीतरी माणूस हवें.