शिंपल्याचे तावदान, तळोज्याची काच

२० मे २०२४ च्या रात्री मुंबईत उतरू पाहणारे एक प्रवासी विमान घाटकोपरजवळ रोहित पक्ष्यांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या, थव्यावर आदळले. चाळीसच्या आसपास पक्षी मरण पावले. विमान सुखरूप उतरले. त्या वेळी खाडीच्या पलीकडे, पनवेल तालुक्यात, नवी मुंबईचा विमानतळ आकार घेत होता आणि परिसरातील पक्ष्यांच्या हालचालींवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक लक्ष ठेवून होते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी या विमानतळाचे उद्घाटन झाले.

अशा धडकेत वैमानिक आणि पक्षी यांच्यामध्ये उभे असते ते एक तावदान. सुमारे १.८ किलो वजनाचा पक्षी उड्डाणाच्या वेगात आदळला तरी मोठ्या प्रवासी विमानाचे हे तावदान भेदले जाऊ नये, असा नियम आहे. त्यासाठी काच आणि प्लास्टिक यांचे थर एकमेकांवर चढवावे लागतात. जाडी वाढते, वजन वाढते. भक्कम वस्तू पारदर्शक नसते आणि पारदर्शक वस्तू भक्कम नसते, ही अडचण मानवी कारागिरीइतकीच जुनी आहे. त्या अडचणीला कोकण-गोव्याच्या किनाऱ्याने चारशे वर्षांपूर्वी दिलेले उत्तर आज पुन्हा प्रयोगशाळेच्या मेजावर आले आहे. हा धागा त्या उत्तराविषयी आहे.

फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल १६०८ ते १६१० या काळात गोव्यात होता. तेथील घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी पातळ शिंपले बसवलेले त्याने पाहिले. १६७० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याने सुरतेत हीच गोष्ट नोंदवली: काच महाग, सहसा मिळतच नाही, म्हणून खिडक्यांना लाकडी जाळी, अभ्रक किंवा शिंपले. प्लाक्युना प्लासेंटा हे या शिंपल्याचे शास्त्रीय नाव. उथळ उपसागरांच्या चिखलात आडवा पडून राहणारा हा प्राणी. त्याच्या दोन्ही झडपा जवळजवळ सपाट, गोल आणि इतक्या पातळ की त्यांतून उजेड झिरपतो. फिलिपिन्समध्ये याच शिंपल्याला कापिझ म्हणतात आणि तेथेही त्याच्या खिडक्या होत.

शिंपले गरिबाची काच म्हणून वापरले गेले, असे समजण्याचे कारण नाही. चांदरच्या ब्रागांझा घराण्याच्या वाड्यात ते आहेत, आणि त्या घराला पैशाची वाण नव्हती. कारण हवामानाचे होते. शिंपल्याचे लहान तुकडे कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवत. चार महिने पाऊस झोडपत असताना झडपा मिटून बसले तरी खोलीत दुधाळ उजेड राही. उन्हाळ्यात डोळ्यांवर येणारी तिरीप गाळली जाई. खाऱ्या वाऱ्याने त्यांचे काही बिघडत नसे, कारण ते खाऱ्या पाण्यातच घडलेले. एक तुकडा फुटला तर तेवढाच बदलायचा. काचेचे मोठे तावदान फुटले की नवे येण्यासाठी जहाजाची वाट पाहावी लागे.

मग काच स्वस्त झाली आणि शिंपले मागे पडले. या बदलाच्या वाटेवर पनवेल होते. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाल्यावर मुंबईत उतरलेला माल होडीने खाडीतून पनवेलला येई आणि तेथून बैलगाडीने घाट चढून देशावर जाई. विलायती काचेच्या पेट्यांना वेगळी वाट असण्याचे कारण नव्हते. गवतात गुंडाळलेल्या त्या पेट्या हलवणे हे हमालांच्या दृष्टीने जोखमीचेच काम असणार. १८६३ मध्ये कर्जतमार्गे रेल्वेने घाट ओलांडला आणि पनवेल बंदराचे महत्त्व ओसरू लागले.

स्वदेशीच्या काळात काच हा स्वाभिमानाचा प्रश्न बनला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. कंदिलाची काच ही खऱ्या अर्थाने पारदर्शक कवच होती: आतली ज्योत वाऱ्यापासून राखायची आणि उजेड मात्र अडवायचा नाही. तापलेल्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला की ती तडकते, हे त्या पिढीला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९९० च्या दशकात काच पनवेल तालुक्यात परतली, ती कारखाना बनून. तळोजा औद्योगिक वसाहतीत उभा राहिलेला फ्लोट काचेचा प्रकल्प भारतातील या पद्धतीच्या आरंभीच्या प्रकल्पांपैकी एक. इंग्लंडमधील अ‍ॅलिस्टर पिल्किंग्टन यांची ही पद्धत १९५९ मध्ये जाहीर झाली. भट्टीत सुमारे दीड हजार अंशांपर्यंत तापवलेला रस वितळलेल्या कथिलाच्या तळ्यावर पसरवायचा. तो आपोआप सपाट होतो आणि थंड होत पट्ट्यासारखा बाहेर येतो. आजच्या इमारतींची आणि गाड्यांची बहुतेक काच अशीच तयार होते.

तिचा दोष मात्र कंदिलाच्या काळापासून तोच आहे. काचेत अणूंची शिस्तबद्ध मांडणी नसते, त्यामुळे एकदा पडलेली भेग अडवायला आत काहीच नसते. ती टोकापर्यंत धावते. फ्रेंच रसायनज्ञ एद्वार बेनेदिक्तस यांच्या हातून १९०३ मध्ये एक चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही, कारण आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटचा पापुद्रा होता. पुढे दोन काचांमध्ये असा पापुद्रा घालण्याचे पेटंट त्यांनी घेतले; पहिल्या महायुद्धात वायू-मुखवट्यांच्या भिंगांसाठी अशी काच वापरली गेली. विमानाच्या तावदानापासून बुलेटरोधक काचेपर्यंत सर्व काही या एका अपघाताचा विस्तार आहे. हा पापुद्रा कापसासारख्या वनस्पतिजन्य तंतूपासून केलेला होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पारदर्शक कवचाच्या इतिहासात सजीव सृष्टी पहिल्यापासून हजर आहे.

२०१४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या लिंग ली आणि क्रिस्टीन ऑर्टिझ यांनी ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांचा विषय होता प्लाक्युना प्लासेंटा, म्हणजे गोव्याच्या खिडकीतला शिंपला. त्याचा ९९ टक्के भाग कॅल्साइट आहे, चुनखडीत आढळते तेच खनिज. उरलेला जेमतेम एक टक्का सेंद्रिय पदार्थ. त्यातून सुमारे ८० टक्के प्रकाश पार होतो. तरीही टोकदार आघात झाला असता निव्वळ कॅल्साइटच्या सुमारे दहापट ऊर्जा तो जिरवतो.

हे कसे घडते, याचे उत्तर रचनेत आहे. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असे स्फटिकांचे थर एकावर एक रचलेले, आणि दोन थरांमध्ये सेंद्रिय पदार्थाचा अतिसूक्ष्म लेप. आघाताच्या जागी स्फटिकाचा काही भाग आरशातील प्रतिमेसारखा उलटा वळतो. याला स्फटिकशास्त्रात जुळे होणे म्हणतात. या जुळ्यांच्या सीमा आघाताची ऊर्जा आजूबाजूच्या थरांकडे वळवतात आणि तेथे ती लहान लहान भेगांत विरते. नुकसान घावाच्या अवतीभोवतीच राहते, बाकीचा शिंपला आरपार दिसतच राहतो. सैनिकाच्या डोळ्यांपुढील ढालीसाठी हाच गुण मोलाचा, कारण पहिल्या गोळीनंतर काचेवर कोळ्याचे जाळे पसरले तर दुसरी गोळी कोठून येते हे दिसत नाही.

ही रचना हाताने घडवता येईल का? कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक मार्ग दाखवला. काचेच्या सूक्ष्म चकत्या आणि अ‍ॅक्रिलिक यांचे शिंपल्यासारखे थर त्यांनी रचले. आरंभी ते अपारदर्शक निघाले. कारण समजण्यासाठी भज्यांची पुडी आठवावी. कोरा कागद पांढरा दिसतो, कारण तंतू आणि त्यांमधील हवा प्रकाशाला वेगवेगळ्या प्रमाणात वाकवतात व तो विखुरतो. तेलाचा डाग पडला की तेल त्या हवेची जागा घेते, दोन्हींचे वाकवणे जवळपास सारखे होते आणि कागदातून पलीकडचा उजेड दिसू लागतो. मॅकगिलच्या संशोधकांनी अ‍ॅक्रिलिकमध्ये एक पदार्थ मिसळून त्याचा अपवर्तनांक काचेच्या बरोबरीला आणला आणि पदार्थ पारदर्शक झाला. साध्या काचेपेक्षा तो सुमारे तिप्पट बळकट, आणि भेगेला पाचपटीहून अधिक दाद न देणारा आहे.

परंतु त्यातल्या काचेच्या चकत्या भट्टीतूनच आलेल्या. शिंपला समुद्राच्या पाण्याच्या तापमानाला, भट्टीवाचून, हे काम करतो. येथे कृत्रिम जीवशास्त्राचा प्रवेश होतो: सजीवाच्या जनुकांत हेतुपुरस्सर बदल करून त्याच्याकडून हवा तो पदार्थ घडवून घेणे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात डॅनियल मोर्स यांच्या गटाने समुद्री स्पंजातील सिलिकेटिन हे प्रथिन ओळखले. स्पंज त्याच्या साहाय्याने पाण्यातील सिलिका वेचून काचेच्या सुया विणतो. रॉचेस्टर विद्यापीठातील अ‍ॅन मेयर यांच्या गटाने ते जनुक जिवाणूंत घातले आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध केले की त्या जिवाणूंनी स्वतःभोवती काचेचे आवरण चढवले व ते सूक्ष्म भिंगासारखा प्रकाश एकवटू लागले. त्याआधी २०१९ मध्ये याच गटाने दोन जातींचे जिवाणू आलटून पालटून वापरून शिंपल्यासारखे थर जमवले होते. एका जातीने कॅल्शियम कार्बोनेट साचवले, दुसरीने चिकट बहुवारिक दिले.

या कामांना वृत्तपत्रांनी ‘भविष्यातील अभेद्य काच’ म्हणावे, हे घाईचे आहे. २०१९ च्या प्रयोगातील जिवाणू मुळातलेच होते, जनुके बदललेले नव्हेत. थर जमण्याचा वेग दिवसाला सुमारे पाच मायक्रोमीटर. म्हणजे एक मिलिमीटर जाडीला दोनशे दिवस. तळोज्याच्या कारखान्यात तेवढी काच वाहून जाण्यास काही क्षण पुरतात. मॅकगिलचा पदार्थ पारदर्शक आणि चिवट आहे, पण सजीवाने घडवलेला नाही. रॉचेस्टरचा सजीवाने घडवलेला आहे, पण त्याची अजून ढाल होत नाही. या सर्व अटी एकत्र पुऱ्या करणारी वस्तू तूर्त एकच आहे, आणि ती चिखलात राहते.

तो चिखल मात्र आटतो आहे. २००१ मध्ये हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत घेतला गेला. गोव्यात झुआरीच्या मुखाशी, नावातच चिखल असलेल्या चिखलीच्या उपसागरात आणि पलीकडे नावशीला तो आढळतो; नावशीत प्रस्तावित मरीनाला तेथील मच्छीमारांनी विरोध केला, त्यांच्या कारणांत शिंपल्यांची ही जागाही होती. पनवेलकडे अशाच भरती-ओहोटीच्या पट्ट्यांवर भराव पडला, कांदळवने तोडली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि त्यावर धावपट्टी आली. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या उरलेल्या चिखलावर रोहित अजून चरायला उतरतात, आणि त्यांच्यावरून जाणाऱ्या विमानाच्या पुढच्या भागात काच व प्लास्टिक यांचे तेच जाडजूड थर असतात.