राणीची बाग ते मोंडेगार

भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, अर्थात मुंबईकरांची राणीची बाग, १८६२ साली खुली झाली ती वनस्पती उद्यान म्हणून, प्राणिसंग्रहालय पुढचे. २०१६ मध्ये सोलहून आणलेल्या हम्बोल्ट पेंग्विनांपुढे रांगा लागतात, जुन्या वृक्षांकडे मात्र क्वचितच कोणी मान वर करते. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये फोर्टातून येथे हलविण्यात आला. ‘काळा घोडा’ हे नाव तेवढे तेथेच राहिले.

त्या चौकापासून कुलाब्याचे कॅफे मोंडेगार पायी गाठता येते. मूळच्या या इराणी उपाहारगृहात बिअर आणि ज्यूकबॉक्सच्या जोडीला आहेत मारिओ मिरांडा यांची भिंतीभर व्यंगचित्रे: एका भिंतीवर कॅफे, दुसरीवर मुंबई. खाद्यपदार्थांपेक्षा त्यांनाच अधिक वेळ द्यावा. बेत बुधवारचा नसावा. त्या दिवशी बाग बंद असते.